माया

एका गुणानं.
सतरा–सोळा. अंबाजोगाईच्या मैदानावर, परवा संध्याकाळी,
शेवटच्या डावात सात सेकंद उरले असताना.
मापाच्या वहीत लिहून ठेवलंय,
नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल पाच-सहानं हरलात.
आमच्या कळंबात कुणीही काहीही म्हणतं.

सेलूचा तो शेवटचा पळती, उंच, वाळका,
हुलकावणी देऊन खांबाकडं वळला
आणि आमच्या इर्शादनं सूर मारला.
सगळं अंग आडवं, मातीच्या वीतभर वर,
उजवा हात पुढं,
शिट्टी.
पंच म्हणाले, लागला नाही.
मी म्हणतो, लागला.
बत्तीस वर्षं कापडात गेली माझी.
कापडाला हात लागला की ते कसं बोलतं
ते मला विचारा.
ऐकलं मी. सहाव्या रांगेतून. तेवढ्या कालव्यात.

जीपमध्ये कुणी बोललं नाही.
केजला चहाला थांबलो. डिकले सरांनी तेरा कप सांगितले,
बारा पोरांचे आणि माझा,
स्वतःचा सांगायचा विसरले.
मीच एकटा बडबडत होतो:
पंच आंधळा, मैदान उताराचं,
दुसऱ्या डावात विष्णुकांतला कामून बसवलं,
चौघंच खेळणारे, बाकीचे नुसते पाटीवर उकिडवे बसायला येतात.
विष्णुकांत मागच्याच सीटवर होता
गुडघ्याला ओला पंचा गुंडाळून.
त्यानं ऐकलं.
मी थांबलो नाही.

रात्री पुढच्या सालचा संघ मांडून बघितला, अंथरुणात, बोटांवर.
इर्शाद पोलीस भरतीला. लागला तरी गेला,
नाही लागला तरी पुण्याला मामाच्या गॅरेजात गेला.
विष्णुकांतचा गुडघा.
गायक्यांचे जुळे चाकणला कंपनीत,
एक दिवसपाळीला, एक रातपाळीला, खाट एकच.
एक जण लग्न ठरल्यापासून मैदानाकडं फिरकत नाही,
त्याचं नावच घेत नाही मी.
उरले सात. उतरायला नऊ लागतात.
खालच्या गटात भैरू आहे, पारा आहे नुसता,
पण आठवीत. छाती सव्वीस.
त्याच्या अंगात आमचा शर्ट म्हणजे खुंटीला टांगलेली पिशवी.
"पुढच्या साली बघू," मी मोठ्यानं म्हणालो बहुतेक,
कारण सुलोचना अंधारातून म्हणाली,
"एकोणीस सालं झाली तुमच्या पुढच्या सालाला. झोपा."

आज सकाळी इर्शाद दुकानात आला, शर्ट घेऊन.
"काका, काखेत उसवलंय.
भरतीच्या ग्राउंडला हाच घालणार हाय."
उलटा करून बघितला. उजवी काख.
बारा शर्टांना पावणेदोन मीटर कापड कमी पडलं होतं,
मंडळाच्या डब्यात पैसे नव्हते,
मी मुंढे तंग कापले
आणि माया धरली अर्धं बोट.
नेहमी एक बोट धरतो.
पोरं वाढतात, हात लांबवतात, म्हणून.

तरी मी म्हणालो, "लागला व्हता ना रे हात?"
स्टुलावर बसून तो चपलेतली माती झटकत होता.
"न्हाई काका. खरं सांगतो.
हवाच लागली. चार बोटं राह्यली."

मग मी ऐकलं ते काय?

मशीनवर बसलो. दोरा ओवायला आज तीनदा लागलं.
काखेत चौकोनी तुकडा घातला, रंग जुळला नाही,
निळ्यात निळा असून जुळला नाही.
"हात वर कर," म्हणालो.
त्यानं केला, पार छताच्या पंख्याकडं,
आणि शर्ट कुठंच अडला नाही.
पैसे विचारले त्यानं. म्हणालो, भरती झाल्यावर दे.
तो गेल्यावर वहीत भैरूच्या नावापुढं
सव्वीस खोडून तीस लिहिलं,
आणि खाली, माया दीड बोट.

मैदान मात्र उताराचंच होतं.
ते मी मागं घेत नाही.